ओढून नेलेली

गल्ली अरुंद होती आणि समोरून तिघे तरुण येत होते. दिआनोरानं आपली चाल बदलली नाही. बाजूला व्हायचं ते समोरच्यानं. गेल्या वीस वर्षांत हा प्रश्न तिच्यापुरता कधी उद्भवलाच नव्हता. फ्लॉरेन्समधल्या निम्म्या घरांतली लग्नं तिच्या सल्ल्यानं ठरत, उरलेल्या निम्म्या घरांना तसं व्हावं असं वाटे, आणि ती रस्त्यातून चालू लागली की मागे झग्याचा घोळ सावरणाऱ्या मोलकरणीलाही आपोआप मान ताठ ठेवावी लागे. तिघांतला एक चटकन भिंतीकडे सरकला. त्याचा एक पाय गटारात गेला. तो तसाच उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "सांभाळून, बाईसाहेब. पुढचे दगड निसरडे आहेत." तिनं मान हलवली आणि ती पुढे गेली. पाठीमागे त्याचे सोबती हसले. एक म्हणाला, "लिप्पो, जोडा गेला की रे तुझा."

नाव आधी कानात शिरलं आणि चेहरा मागाहून आला. डाव्या भुवईचं टोक किंचित वर उचललेलं, आपलंच. खालचा ओठ जाड, तो त्याच्या बापाचा. लिप्पो चेरीनी, वय बावीस. एवढ्या जवळून तिनं त्याला पाहिलं त्याला वीस वर्षं झाली होती. लांबून मात्र पाहिलं होतं, नाही असं नाही. सणाच्या मिरवणुकीत, एकदा घोड्यांच्या शर्यतीत, एकदा चर्चमध्ये दोन खांबांपलीकडे. तेव्हा तो कुणीतरी दाखवलेला मुलगा होता. आज तो हातभर अंतरावर उभा होता आणि त्याच्या अंगाला ओल्या लोकरीचा वास येत होता. तिचे पाय थांबले नाहीत. छातीत कळ आली नाही, डोळे भरून आले नाहीत. मनात आलं ते एवढंच, की याचे दात चांगले आहेत, कुणीतरी लक्ष दिलंय. असा विचार माणूस घोड्यांच्या बाजारात करतो. दुसऱ्याच्या तबेल्यातलं उमदं जनावर पाहावं, बरं वाटावं आणि पुढे जावं, तसं तिला वाटलं होतं. त्या मुलाला पाहिल्याचा धक्का तिला बसलाच नव्हता. बसला तो स्वतःला इतकं बरं वाटल्याचा, आणि घरी पोचेपर्यंत तो जोड्यातल्या खड्यासारखा पावलापावलाला टोचत राहिला.

घरी थोरला भाऊ तद्देओ येऊन बसला होता. तो आला म्हणजे काम असे. पन्नाशीला आलेला, आर्दोवीनी घराण्याचा कर्ता, पण बहिणीसमोर खुर्चीच्या कडेवर बसण्याची त्याला अलीकडे सवय लागली होती. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा जावई तापानं गेला होता. मुलगी एर्मेलीना एकवीस वर्षांची, पदरात चार वर्षांची एक पोर. मुलीला असं सासरी पांढऱ्या भिंतींकडे बघत बसवण्यात काय अर्थ आहे, असं तो म्हणाला. नदीपलीकडचं एक चांगलं स्थळ चालून आलंय, विधुर आहे, देखणा आहे, फार दिवस थांबणार नाही. पोर अर्थातच सासरीच राहील, पोर त्यांच्या रक्ताची. रीतीप्रमाणे आज दुपारी मेणा घेऊन जायचं आणि तिला माहेरी आणायचं. बरोबर नात्यातल्या दोन धट्ट्याकट्ट्या बायका सांगून ठेवल्या आहेत. मात्र पोरगी निरोपांना उत्तर देत नाही, दार लावून बसते. तेव्हा दिआनोरानं आधी वर जाऊन तिच्याशी बोलावं.

"तू सांगितलंस तर ती ऐकेल," तो म्हणाला. "तुझ्यासारखं झालंय तिचं. तुलाही आम्ही ओढूनच नेलं होतं. आज बघ, काय कमी आहे तुला?"

कमी काहीच नव्हतं, आणि हे ती कुणालाही ठणकावून सांगू शकली असती. मालेगोंझी घराण्यातला तिचा दुसरा नवरा तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा होता. पहिल्या रात्री त्यानं तिला हात लावण्याआधी विचारलं होतं की तुला वाचता येतं का. आणि येत नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून शिकवायला सुरुवात केली होती. तो दूरच्या दरबारांत वकील म्हणून जाई तेव्हा शेतमळे, कुळं, गड्यांची भांडणं सगळं ती बघे, आणि तो परत आल्यावर दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून माणसांची उणीदुणी काढत पोट धरून हसत. दोन मुली झाल्या. एक चांगल्या घरी पडली, दुसरी मठात गेली ती स्वतःच्या हट्टानं, आणि आता तिथं वडीलधाऱ्या जोगिणींना धाकात ठेवते. हे सारं दिआनोरानं मिळवलं होतं, राखलं होतं. एकच गोष्ट तिच्या वाट्याला आयती आली होती: ती गोष्ट, जी तद्देओ आता दोन वाक्यांत पुन्हा सांगून मोकळा झाला. बावीस वर्षांच्या विधवेला तेराव्या दिवशी भावानं सासरहून ओढून नेलं, तिनं दाराची चौकट धरली, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली, तिचा हंबरडा चार घरं पलीकडे ऐकू गेला. नात्यातल्या बायका ही गोष्ट नव्या सुनांना सांगत. सांगताना त्यांचा गळा दाटून येई. दिआनोरा अशा वेळी खिडकीबाहेर पाहत बसे, आणि सगळ्यांना वाटे, की तिला अजून सहन होत नाही.

"जाते मी," ती तद्देओला म्हणाली. "पण मी खाली येईपर्यंत तुझ्या त्या बायकांपैकी एकीनंही जिन्यावर पाय ठेवायचा नाही."

मेण्यात बसल्यावर तिनं पडदा ओढून घेतला. चौकट तिनं धरली होती, हे खरं. हंबरडाही फोडला होता. पण तो फोडायच्या आधी तिच्या थोरल्या मावशीनं कानाशी येऊन म्हटलं होतं, "ओरड ग पोरी, समोरच्या खिडक्या भरल्यात." मग ती ओरडली. ओरडताना तिची नजर समोरच्या भिंतीवर होती, तिथं ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात एक मांजर पाय पसरून झोपलं होतं. तेरा दिवस तिनं ऊन पाहिलं नव्हतं. तेरा दिवस घरात वाटाण्याचं पाणचट सार होतं, आणि सासू शेजारी बसून तिच्या शिवणीचा प्रत्येक टाका उसवून ती परत हातात देत होती. चार वर्षं देत आली होती. गेलेला नवरा भला होता, त्याच्याबद्दल तिची तक्रार नव्हती. त्याचा आवाज मात्र तिला आता आठवत नव्हता, आणि तेव्हा तेराव्या दिवशीसुद्धा नीट आठवत नव्हता. लिप्पो मागच्या खोलीत होता. त्याला झोपवलं होतं की तो झोपला होता, हे तिनं विचारलं नाही. एकेक बोट सुटलं, आणि शेवटचं बोट तिनं स्वतःच सोडलं. मेण्यात बसताच तिला इतकं हलकं वाटलं की हसू फुटेल की काय या भीतीनं तिनं तोंडात रुमाल कोंबला, आणि पाहणाऱ्यांना तोही हुंदकाच वाटला. त्या दिवशी माहेरी तिनं अर्धा कोंबडा एकटीनं खाल्ला. तिला ओढून कुणी नेलंच नव्हतं. ती गेली होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटली असती म्हणून नव्हे. लाजेचा आणि तिचा संबंध फार बेताचा होता. पण लोकांनी एकदा हातात ठेवलेलं दुःख परत कसं करायचं हे तिला सुचलं नव्हतं, आणि पुढे त्या दुःखाचा उपयोगही होऊ लागला. दुसरा नवरा एकदा, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, सहज म्हणाला होता, "मुलाला बघून येत जा की. मी मेणा सांगतो." तिनं उत्तर दिलं होतं, "ते लोक येऊ देत नाहीत." त्यानं तिचा हात दाबला होता आणि विषय पुन्हा काढला नव्हता. ते लोक येऊ देत नाहीत, हे धादांत खोटं होतं. चेरीनींकडून दोनदा बोलावणं आलं होतं, मुलाच्या नावाच्या संताच्या सणाला, लागोपाठ दोन वर्षं. पहिल्या वर्षी तिनं बदामाच्या वड्या पाठवल्या आणि डोकं दुखतंय म्हणून कळवलं. दुसऱ्या वर्षी नुसत्या वड्या पाठवल्या. तिसऱ्या वर्षी बोलावणं आलं नाही, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं.

एर्मेलीनाच्या सासरचा जिना उभा आणि थंड होता. ती न थांबता चढली, दम लागला तो वरच्या पायरीवर गिळून टाकला. दार ठोठावलं आणि म्हणाली, "मी दिआनोराआत्या. एकटी आहे." कडी निघाली.

खोलीत काळे पडदे होते, पण एक सरकवून खिडकीची फट केलेली होती आणि कडी काढून एर्मेलीना पुन्हा त्या फटीपाशी चेस्टनट सोलायला बसली. भाजलेल्या चेस्टनटची सालं तिच्या काळ्या झग्यावर पडली होती. नान्नीना, तिची मुलगी, जमिनीवर बसून सोललेल्यांतलं प्रत्येक चेस्टनट आधी एकदा चाटून बघत होती आणि मगच खात होती. दिआनोरानं रडून सुजलेला चेहरा गृहीत धरला होता. चेहरा सुजलेला नव्हता. तो थकलेला होता, आणि दार उघडणाऱ्या माणसाकडे पाहताना जसा चोराचा होतो तसा झाला होता. त्या चेहऱ्याची ओळख पटायला दिआनोराला क्षणही लागला नाही. तिनं एर्मेलीनाच्या वयाच्या शेकडो मुली पाहिल्या होत्या, समजावल्या होत्या, दटावल्या होत्या. हा चेहरा तिनं एकदाच पाहिला होता, वीस वर्षांपूर्वी, आरशात. येताना वाटेत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, चांगली, घोटीव वाक्यं, वेळ सगळं भरून काढते अशा धर्तीची. ती तिला आता बोलवेनात.

ती खुर्ची ओढून बसली. मग एर्मेलीनानं हातातलं चेस्टनट मुलीला दिलं आणि खाली बघतच विचारलं, "आत्या, खरं सांग. तुला ओढून नेलं होतं ना?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. तू चौकट धरलीस. मी लहानपणापासून ऐकत आलेय." तिचा आवाज खाली गेला. "मी रोज स्वतःला सांगते, की आत्यासारखं आपल्यालाही वाटेल. आज वाटेल, उद्या वाटेल. दार लावून वाट बघतेय. मला तसं वाटतच नाहीये."

"मग कसं वाटतंय?"

एर्मेलीनानं मुलीकडे पाहिलं, मग दाराकडे. "मला जायचंय," ती म्हणाली. "ही असूनसुद्धा मला जायचंय. मला या घरात श्वास घेता येत नाही. मी वाईट बाई आहे का, आत्या?"

खाली गल्लीत कुणीतरी कोळसा विकत चालला होता. त्याची आरोळी दूर गेली. एक वाक्य बोललं, की घरातल्या बायकांचा गळा दाटून आणणारी ती गोष्ट संपणार होती. वीस वर्षं ती गोष्ट तिच्या अंगावर चांगल्या कापडासारखी बसली होती. पण समोरची ही पोर त्याच गोष्टीच्या मापानं स्वतःला मापत होती आणि रोज कमी भरत होती.

"मला कुणी ओढलं नाही," ती म्हणाली. "मी गेले. ओरडले ते शेजाऱ्यांसाठी. घरी जाऊन पोटभर जेवले."

एर्मेलीनानं पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं.

"जाण्यात माझी चूक नव्हती," दिआनोरा पुढे म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच खणखणीत आहे याचं तिला नवल वाटलं. "जाणं बरोबरच होतं, आज विचारलंस तरी हेच सांगेन. चूक पुढे झाली. त्यांनी मला मुलाला भेटायला बोलावलं. दोनदा. मी गेले नाही."

"का?"

"मी सुखात होते. दोन-तीन वर्षांचं पोर ते, पण मला वाटायचं, ते माझं तोंड बघताच ओळखेल. आज सकाळी तो मला रस्त्यात भेटला. मला वाट द्यायला गटारात उतरला. ओळखलं नाही त्यानं, आणि का ओळखावं? मोठा झालाय. त्याला आता आई नकोय. मी उद्या त्याच्या दारात जाऊन उभी राहिले तर त्याची अडचण होईल, आणि माझा तमाशा. ते मी करणार नाही. पण तुझी ही अजून चेस्टनट चाटून खातेय."

एर्मेलीना तेव्हा रडली. आवाज न करता, थोडा वेळ, आणि मग मनगटानं नाक पुसून तिनं विचारलं की आता काय करायचं. हा प्रश्न दिआनोराच्या ओळखीचा होता. या प्रश्नावर तिचं आयुष्य उभं होतं. ती उठली, खिडकीचा पडदा पुरता सरकवला आणि म्हणाली की सासूबाईंना बोलाव.

एर्मेलीनाची सासू, मोन्ना पिएरा, काठी टेकत आली. मुलगा जाऊन तीनच आठवडे झाले होते. सरकवलेल्या पडद्याकडे तिनं पाहिलं, पण काही बोलली नाही. दिआनोरानं उठून तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः पेटीवर बसली. तिनं सरळ मुद्द्याला हात घातला. सून आज जाईल, ते तुम्हालाही ठाऊक आहे. तिच्याबरोबर आलेला हुंडा परत मागायची तद्देओ घाई करणार नाही, ते माझ्याकडे लागलं. दारात आरडाओरडा होणार नाही. तुमच्या घरातून कुणाला ओढून काढलं असं या गल्लीत कुणी म्हणणार नाही. या बदल्यात एर्मेलीना मुलीला भेटायला येत राहील, आणि तुम्ही दार उघडाल.

म्हातारीनं ऐकून घेतलं. ती दुष्ट बाई नव्हती. ती म्हणाली, की असं कुठं होत नाही. पोरीला समजणार नाही, आई आली की हसेल, गेली की रडेल, पुन्हा आली की पुन्हा तेच. "एकदाच काय ते तुटू दे, विहीणबाई. लहान आहे, विसरेल."

"विसरेलच," दिआनोरा म्हणाली. "मी पाहिलंय विसरलेलं. पुरतं विसरतात. आई गेली की रडेल म्हणता ना? रडू दे. कुणासाठी रडतेय ते तरी तिला ठाऊक असेल."

मोन्ना पिएरानं काठीची मूठ या हातातून त्या हातात घेतली. तिची नजर जमिनीवरच्या नातीकडे गेली आणि तिथंच राहिली. आपला मुलगाही असाच चाटून खायचा, असं ती कुणालाही उद्देशून नव्हे, आपल्याशीच म्हणाली. दिआनोराला बोलायचं होतं, आणखी चार चांगली कारणं तिच्या जिभेवर तयार होती, पण या वेळी गप्प बसायला हवं हे तिला कळलं आणि ती बसली. तिनं आजवर केलेल्या वाटाघाटींत हे तिला सगळ्यांत जड गेलं.

"एक रविवार सोडून एक," अखेर म्हातारी म्हणाली.

एर्मेलीना मुलीसमोर गुडघ्यांवर बसली. तिनं तिचे काळवंडलेले हात स्वतःच्या झग्याला पुसले आणि सांगितलं, की मी आजोबांकडे राहायला चाललेय. तू इथं आजीजवळ राहायचंस. मी येत जाईन. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी येईन, मग पुन्हा एक सोडून पुढच्या.

"आणि या रविवारी?" नान्नीनानं विचारलं.

"या रविवारी नाही."

नान्नीना रडली, मोठ्यानं रडली. एर्मेलीनानं तिला उचलून घेतलं आणि गप्प कर असं कुणालाही म्हणू दिलं नाही. दिआनोरा बाजूला उभी राहून ते ऐकत होती. मूल किती वेळ रडतं हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी वेळ होतं. रडणं हुंदक्यांवर आलं, मग पोरीनं आजीच्या काठीची मूठ हातात मागितली, आणि ती तिला मिळाली.

निघताना मोन्ना पिएरा दारापर्यंत आली. घराण्याची बाई म्हणून शेवटचा शब्द आपला असावा, असं तिला वाटलं असेल, ताठ मानेनं ती म्हणाली, "जेवण झाल्यावर यावं. बाहेरच्या दालनात बसता येईल."

एर्मेलीना दोन पायऱ्या उतरली होती. ती वळली. "जेवणाआधी येईन," ती म्हणाली. "तिला मी भरवीन. आतल्या खोलीत."

दिआनोरा मध्ये पडली नाही. तिनं आयुष्यात राजदूतांशी, महंतांशी, नाठाळ कुळांशी सौदे केले होते आणि नेहमी आपण मागितलं त्यापेक्षा थोडं अधिकच पदरात पाडून घेतलं होतं. स्वतःच्या मुलासाठी मात्र तिनं कधी काही मागितलंच नव्हतं. आयतं समोर आलेलं ताटही तिनं वड्यांचा डबा पाठवून परत फिरवलं होतं. हे तिला त्या थंड जिन्यात, भिंतीला हात टेकून, अगदी स्वच्छ दिसलं. तिनं नजर वळवली नाही. ते जितकं होतं तितकं तिनं पाहून घेतलं.

"बरं," मोन्ना पिएरा वरून म्हणाली. "पण वेळेवर. आमच्याकडे ताटं थांबत नाहीत."

खाली तद्देओ मेण्यापाशी येरझाऱ्या घालत होता. त्याच्या दोन धट्ट्याकट्ट्या नातलग बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी बाह्या सरसावलेल्या होत्या आणि समोरच्या खिडक्यांतून चार डोकी बाहेर आली होती. एर्मेलीना आपल्या पायांनी उंबरठा ओलांडून बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. चौकटीला तिनं हात लावला नाही. बायकांनी गोंधळून एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यांतली थोरली, सवयीनं, तिच्या कानाशी काही सांगायला पुढे झाली. दिआनोरानं तिच्या दंडावर हात ठेवला आणि तिला तिथंच थांबवलं.

तद्देओनं बहिणीला हळूच विचारलं, की सगळं नीट झालं ना, फार त्रास तर झाला नाही. उत्तर एर्मेलीनानंच दिलं. मेण्यात बसून, पडदा न ओढता, खिडक्यांतल्या चौघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाबा, हा रविवार सोडून पुढच्या रविवारी सकाळी हा मेणा लागेल मला. आत्ताच सांगून ठेवा."